सोळानंतर एकोणीस

ही घटना शंभर टक्के खरी आहे.

मी स्वतः तिथे हजर होतो. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, स्वतःच्या कानांनी ऐकलं. पदरचा एक शब्दही घातलेला नाही, हे मी शपथेवर सांगतो.

माझा डावा कान अधू आहे, हेही इथेच सांगून टाकतो. मागाहून कुणी उकरून काढायला नको. पण उजवा शाबूत आहे, आणि जे घडलं ते उजव्या बाजूलाच घडलं.

वार बुधवार. वेळ दुपारी सव्वातीन.

रात्र नव्हती, याबद्दल क्षमस्व. पण हे जिथे घडलं त्या खोलीला एकही खिडकी नाही. तिथे दुपार आणि मध्यरात्र यांत फरक एवढाच, की दुपारी चहा मिळतो.

जागा म्हणजे एक जुना रेकॉर्डिंग स्टुडिओ. आत शिरायला एकामागे एक अशी दोन जाड दारं. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. दुसरं लागलं की बाहेरचा रस्ता, हॉर्न, माणसं... सगळं सुरीने कापल्यासारखं थांबतं.

मग कानात एक बारीक शिट्टी ऐकू येऊ लागते.

ती आपल्याच कानातली असते म्हणे.

मीही तसंच समजत होतो.

आधी काकांबद्दल सांगायला हवं.

माझे काका व्हायोलिन वाजवायचे. सिनेमासाठी, तेहतीस वर्षं. तुम्ही त्यांना नक्की ऐकलेलं आहे, आणि तुम्हाला ते अजिबात माहीत नाहीत. पडद्यावरचा नट हनुवटीखाली व्हायोलिन धरून डोळे मिटायचा, तेव्हा वाजवत काका असायचे. त्यातून नटाला टाळ्या मिळाल्या, संगीतकाराला बक्षिसं मिळाली आणि काकांना मानेचं दुखणं मिळालं.

त्यांचं नाव एकाही चित्रपटात आलं नाही. रेकॉर्डिंगचा एक फोटो काकूने जपून ठेवलाय. त्यात पन्नास-साठ वादक आहेत. काका खांबामागे आहेत. खांबाच्या बाहेर त्यांचं कोपर आलंय. काकू पाहुण्यांना ते कोपर दाखवते.

आता तो चित्रपट. नाव सांगत नाही, कंपनीकडे वकील आहे. पण ‘संगीतावरचे माझे आवडते दहा चित्रपट’ अशी एखादी यादी तुम्ही वाचली असेल, तर तो तीत होता. पहिल्या तिनांत होता. बायको गेल्यावर वाजवणं सोडून दिलेल्या एका म्हाताऱ्या वादकाची गोष्ट. शेवटच्या प्रसंगात तो रिकाम्या सभागृहात एकटा येऊन बसतो. व्हायोलिन खांद्याला, गज मांडीवर. मागे बाकीची वाद्यं हलकेच वाजतायत.

तो गज उचलत नाही.

आणि तरीही व्हायोलिन वाजू लागतं...

एकच सूर. सलग सहा सेकंद. मग तो गज उचलतो आणि धून पुढे जाते.

त्या सहा सेकंदांसाठी लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढायचे. समीक्षकांनी पानंच्या पानं भरली. ‘हात थांबला तरी आत वाजत राहतं ते खरं संगीत’ वगैरे. यातलं ‘वगैरे’ सोडून बाकीचं वाक्य माझं आहे. कॉलेजच्या अंकात मी त्या एका सुरावर चार पानं लिहिली होती. काकांनी चष्मा लावून ती वाचली, अंक मिटून परत दिला आणि म्हणाले, छपाई छान झालीय.

तो चित्रपट टीव्हीवर लागला की काका गॅलरीत जाऊन उभे राहायचे. शेवट होईपर्यंत आत यायचे नाहीत. थंडी असली तरी नाही.

आम्हाला वाटायचं, केवढा हा विनय.

काका गेले त्याला दोन वर्षं झाली. त्यानंतर कंपनीने तो चित्रपट धुऊनपुसून पुन्हा थिएटरात लावायचं ठरवलं. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. शिवाय या वेळी वादकांचीही नावं देणार, असं जाहीर केलं. अट एकच, पुरावा आणा. कंपनीकडचे जुने कागद वाळवीने कधीच वाचून संपवले होते.

त्या एका व्हायोलिनवर तीन जणांनी हक्क सांगितला.

एका दिवंगत वादकाचा जावई सासऱ्यांचा फ्रेम केलेला फोटो घेऊन गेला, जणू फोटोच वाजवून दाखवणार आहे. दुसरे गृहस्थ स्वतः हयात होते, वय नव्वद. त्यांचं म्हणणं, त्या काळातली सगळीच व्हायोलिनं त्यांनी वाजवलेली आहेत, वेगळा पुरावा कशाला.

तिसरी माझी काकू.

काकूने जन्मात कुणाकडे वाटीभर साखर मागितलेली नाही. पण या वेळी तिने मला बोलावून घेतलं. तिला काचबिंदू आहे. एक डोळा गेलाय, दुसरा जायच्या वाटेवर आहे. डॉक्टरांनी वर्षभराचा अंदाज दिलाय.

“त्यांचं नाव मला पडद्यावर वाचायचंय,” ती म्हणाली. “दिसतंय तोवर.”

मी विचारलं, पुरावा काय देणार.

“ते चुकले होते,” काकू म्हणाली.

पंचेचाळीस वर्षांत ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. त्या धुनेत व्हायोलिनला सुरुवातीला चोवीस आवर्तनं गप्प बसायचं होतं. एका आवर्तनात चार ठोके, साधारण तीन सेकंद. वादक अशा वेळी ओठातल्या ओठात मोजतात. एक दोन तीन चार. दोन दोन तीन चार. तीन दोन तीन चार. पहिला आकडा आवर्तनाचा, म्हणजे कितवं चाललंय ते विसरायला होत नाही.

काका विसरले.

सोळा झाल्यावर ते एकदम एकोणीस म्हणाले. दोन आवर्तनं गिळली. म्हणजे सहा सेकंद आधी त्यांचा गज तारेवर पडला. पहिला सूर लागला आणि त्यांच्या लक्षात आलं. आता थांबावं तर चूक उघडी पडते. म्हणून त्यांनी तो एकच सूर ताणून धरला, बाकीचे गाठीपर्यंत.

बस. हाच तो सूर. माझी चार पानं यावर होती.

वादकांमध्ये एक रीत असते. चुकलं की आपणहून हात वर करायचा. मग सगळे थांबतात आणि पुन्हा पहिल्यापासून घेतात. काकांनी धून संपल्यावर हात वर केला. पण काचेपलीकडे दिग्दर्शक ढसाढसा रडत होता. हेच ठेवा, हेच ठेवा, म्हणत होता. संगीतकाराने शहाणपणा करून ती कल्पना आपलीच असल्याचं सांगितलं. हात वर असलेला माणूस कुणाला दिसलाच नाही.

“मरेपर्यंत बोलायचे,” काकू म्हणाली. “एकदा पुन्हा घ्यायला हवं होतं. एकदा बरोबर वाजवायला मिळायला हवं होतं.”

सोळानंतर एकोणीसच का आले, हे मी विचारलं. काकू पदराशी चाळा करत राहिली आणि म्हणाली, ते माझं मी बघेन.

तर बुधवार, सव्वातीन.

योगायोग असा की आवाज साफ करायचं काम त्याच स्टुडिओत चाललं होतं, जिथे ती धून मुळात रेकॉर्ड झाली. कंट्रोल रूममध्ये आम्ही चौघं. मी, काकू, कंपनीचे साहेब आणि साउंड इंजिनीअर. इंजिनीअर चाळिशीचा, हेडफोन वापरून वापरून केसांना आडवी खाच पडलेला. उजवीकडे मोठी काच. काचेपलीकडे जुना हॉल, अंधारात. आता तिथे रेकॉर्डिंग होत नाही. एकावर एक रचलेल्या खुर्च्यांचे ढीग तेवढे पुसट दिसत होते.

इंजिनीअरने सांगितलं ते असं. एकट्या व्हायोलिनसाठी तेव्हा वेगळा माइक ठेवला होता. त्याची वेगळी टेप सापडली. ती त्याने कॉम्प्युटरवर चढवली. तर व्हायोलिन सुरू होण्याआधी त्यात कुणाचं तरी पुटपुटणं आहे. काय आहे ते तो कुणालाच सांगत नव्हता. जे सांगतील ते खरे दावेदार. जावयाने सांगितलं की सासरे मनात मोजायचे. नव्वदीचे गृहस्थ म्हणाले की ते न मोजताच वाजवायचे.

“तुम्ही सांगा,” साहेब काकूला म्हणाले.

“सोळानंतर एकोणीस,” काकू म्हणाली.

इंजिनीअरच्या चेहऱ्यावरूनच कळलं. त्याने साहेबांकडे पाहून मान हलवली. सकाळपासून त्याने तीन वेळा ऐकलं होतं. तिन्ही वेळा तेच होतं. आता फक्त सगळ्यांसमोर एकदा वाजवायचं आणि नाव लिहायचं.

त्याने बटण दाबलं.

आधी नुसती खरखर.

मग खुर्ची करकरली...

मग कुजबुज. “एक, दोन, तीन, चार. दोन, दोन, तीन, चार.”

काकांचा आवाज. दोन वर्षांनी. जिना चढताना पायऱ्या मोजायचे, दूध उतू जाईपर्यंत उकळ्या मोजायचे, तोच आवाज. काकूने माझं मनगट धरलं. तिचा हात गार होता.

दहा. अकरा. बारा.

कॉम्प्युटरवर आवाजाची हिरवी रेघ सरकत होती.

चौदा. पंधरा.

सोळा.

इंजिनीअरने बोट वर केलं, आता ऐका या अर्थी.

“सतरा, दोन, तीन, चार...”

बोट तसंच वर राहिलं.

“अठरा, दोन, तीन, चार...”

आकडे एकामागून एक येत राहिले, सावकाश, नीट. चोवीस झाले. मग व्हायोलिन लागलं. जिथे लागायला हवं तिथेच. लांबलेला सूर नाही, काही नाही.

अगदी बरोबर. आणि अगदी सामान्य.

साहेबांचा पहिला प्रश्न अगदी साहेबी होता. तो सूर कुठे गेला. पोस्टरवर ‘तो सूर परत येतोय’ असं छापून झालं होतं.

इंजिनीअरला घाम फुटला होता. तो म्हणाला, टेप एक वेळ ताणली जाते, झिजते. कॉम्प्युटरवरची फाइल बदलत नाही. तिच्यात कुणी काही बदललेलं नव्हतं. ज्या आवाजात सकाळी सतरा नव्हते, त्यात आज सतरा आलेत, तर ते बोललं कोण...

त्याने खात्रीसाठी चित्रपटाची जुनी प्रत लावली. खरखरीत, फाटक्या आवाजाची. तिच्यात तो सूर होता. सहा सेकंद, पूर्ण.

पुन्हा फाइल लावली. नव्हता.

तिसऱ्यांदा लावली तेव्हा मला एक गोष्ट जाणवली. स्पीकर आमच्या समोर होते. पण मोजण्याचा आवाज समोरून येत नव्हता. तो माझ्या उजव्या कानाला येत होता.

उजवीकडे काच होती.

मी इंजिनीअरला हळूच सांगितलं. त्याने स्पीकर बंद केले. पूर्ण बंद. दिवे विझले त्यांचे.

“नऊ, दोन, तीन, चार...”

काचेतून. अंधारातून.

साहेबांची बोबडी वळली. त्यांनी दाराकडे पाहिलं, पण दोन दारं, आणि पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. ते पुन्हा बसले.

टेबलावर आवाज किती येतोय ते दाखवणारे जुने काटे होते, एकेका माइकचे. हॉलमधल्या माइकचा काटा प्रत्येक आकड्याला टुणकन उडत होता. दहा. टुण. अकरा. टुण. इंजिनीअरने मला फक्त भिंत दाखवली. त्या माइकची वायर गुंडाळून खिळ्याला टांगलेली होती. टोकं दोन्ही मोकळी.

मग त्याने हॉलमधला दिवा लावला. एकच पिवळा बल्ब.

खुर्च्यांचे ढीग होते तसेच होते. पण मधोमध एक खुर्ची खाली उतरवलेली होती. भिंतीकडे नाही, ढिगाकडे नाही. आमच्याकडे तोंड करून. खाली फरशीवर पांढरट भुकटी सांडलेली. गजाला राळ घासली की पडते तशी.

“ती मी नाही काढली,” इंजिनीअर म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मला वाटलं आता काकू कोसळणार. मी पाण्याची बाटली शोधू लागलो.

काकू चिडली होती.

चाळीस वर्षांहून जास्त संसार केलेल्या बाईचा हा राग मी ओळखतो. डबा घरी विसरून गेलेल्या नवऱ्यावर निघतो, तोच. तिने इंजिनीअरला विचारलं, इथून आत बोलता येतं ना. टेबलावर एक बटण आणि छोटा माइक होता, वादकांना सूचना द्यायचा. त्याने तो तिच्यापुढे सरकवला.

तिने बटण दाबलं.

“अहो.”

काटा उडाला. उडाला आणि वरच राहिला.

“मी आहे. ऐकताय ना?”

काटा थरथरत होता.

“बरोबर वाजवणारे पन्नास होते हो तिथे. चुकलेले तुम्ही एकटे. ती चूक पुसलीत, तर मी तुम्हाला ओळखायचं कशावरून?”

तिने बटण तसंच दाबून धरलं होतं.

“मला नाव वाचायचंय तुमचं. माझ्याकडे वेळ नाही फार.”

काटा हळूहळू खाली आला... आणि पडून राहिला.

साहेब कुजबुजले की झालं वाटतं. इंजिनीअरने स्पीकर लावले आणि पुन्हा फाइल सुरू केली. आम्ही कानात प्राण आणून ऐकलं. चौदा, पंधरा, सोळा...

सतरा. अठरा.

व्हायोलिन बरोबर चोवीस झाल्यावर लागलं. या वेळी पहिल्या सुरावर त्यांनी छोटासा डौलदार कंपही घेतला होता.

साहेबांनी डायरी मिटली. भुताखेतांचं मला माहीत नाही बाई, ते म्हणाले, पण फाइलमध्ये जे आहे ते आहे. हा पुरावा धरता येणार नाही. त्यांचा आवाज कापत होता, पण निर्णय पक्का होता. कंपनीत माणसं अशीच वर जातात.

“चाळीस वर्षं ऐकलं नाही,” काकू मला म्हणाली. “आता काय ऐकणार आहेत.”

आणि उठली.

मी म्हटलं, कुठे. ती म्हणाली, आत. इंजिनीअरने तिला अडवायला हात पुढे केला आणि तिचा चेहरा बघून मागे घेतला. तिने जाताना त्याला एवढंच सांगितलं, मी बसले की पहिल्यापासून लाव आणि दुसऱ्या कुठल्या यंत्रात भरूनही घे.

दोन दारांचा आवाज झाला. मग ती काचेपलीकडे दिसली. एका डोळ्याच्या उजेडात, भिंतीला हात लावत लावत. मधल्या खुर्चीजवळून गेली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. बाजूच्या भिंतीशी एक बाक होता. त्यावर बसली. पर्स मांडीवर घेतली.

मी काचेला नाक लावून उभा होतो.

इंजिनीअरने हॉलमधला स्पीकर चालू केला, शेजारच्या यंत्राचं लाल बटण दाबलं आणि फाइल सुरू केली.

खरखर.

खुर्ची करकरली...

आता ते कुठून आलं हे मला सांगता येणार नाही. स्पीकरमधून आलं असेल. मधल्या खुर्चीचा मागचा पाय मात्र हलला. मी पाहिलं.

एक. दोन. तीन. चार.

काकू तशीच बसलेली. पर्सवर हात.

नऊ. दहा.

बल्ब किंचित मंद झाला. किंवा मला वाटलं.

तेरा. चौदा. पंधरा.

काकूने मान वर केली. मधल्या खुर्चीकडे सरळ पाहिलं. म्हणजे, खुर्चीच्या थोडं वर. बसलेल्या माणसाचा चेहरा जिथे असतो, तिथे.

“सोळा, दोन, तीन, चार...”

तिने तोंड उघडलं.

मला वाटलं, किंचाळणार. मी दाराकडे वळलोसुद्धा.

काकूने जांभई दिली.

मोठी, ऐसपैस, सावकाश. तोंडावर हात न ठेवता.

मोजणं थांबलं.

एक क्षण काहीच नव्हतं. खरखरसुद्धा नाही. कानातली ती बारीक शिट्टी तेवढी... आणि मला जाणवलं की तीही थांबलीय.

मग गोंधळलेला, घाईतला आवाज आला.

“एकोणीस...”

इंजिनीअरने तोंडावर हात दाबला. वीस. एकवीस. बावीस, तेवीस, चोवीस.

व्हायोलिन लागलं. सहा सेकंद आधी. आणि तो सूर ताणला गेला. ताणला गेला, ताणला गेला... मी त्यावर चार पानं लिहिली होती, आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की त्यात मौन नाही, आत्मा नाही, काही नाही. तो घाबरलेल्या माणसाचा सूर आहे.

आणि म्हणूनच तो तसा आहे.

धून संपली. काचेपलीकडे काकूने उजवा हात वर केला.

ती तो बराच वेळ तसाच धरून बसली होती.

साहेबांनी दुसऱ्या यंत्रात भरलेला आवाज दोनदा ऐकला. सोळा. एकोणीस. तो लांब सूर. मग त्यांनी डायरी उघडून काकांचं नाव लिहून घेतलं आणि पत्ताही विचारला, मृत माणसाचा.

टॅक्सीत काकू खिडकीबाहेर बघत होती. अर्ध्या वाटेवर तीच बोलली. त्या दिवशी काका तिला पहिल्यांदाच रेकॉर्डिंगला घेऊन गेले होते. नवं लग्न. सकाळी सातपासून ती हॉलमधल्या त्याच बाकावर बसून होती. संध्याकाळ झाली तरी तीच धून, तीच धून. तिला जांभई आली. नेमकं त्याच क्षणी काकांनी तिच्याकडे पाहिलं.

“घरी येईपर्यंत बोलले नाहीत,” ती म्हणाली. “मग म्हणाले, तुला आवडलं नाही का गं.”

मी म्हटलं, आवडलं होतं का.

“झोप आली होती रे,” काकू म्हणाली.

त्यानंतर त्यांनी तिला कधी रेकॉर्डिंगला नेलं नाही. आणि चूक कुणाची, हेही कधी कुणाला सांगितलं नाही. हात त्यांनीच वर केला.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं मनाचे खेळ. म्हणा. मीही महिनाभर तेच म्हणत होतो. मग इंजिनीअरचा फोन आला.

दुसऱ्या यंत्रात भरलेला आवाज ठीक होता. तोच चित्रपटात घातला. पण मूळ टेप कपाटात ठेवण्याआधी त्याने एकदा लावून पाहिली. तिच्यावर आता व्हायोलिनच नाही. नुसतं मोजणं आहे. सतरा, अठरा ओलांडून चोवीसपर्यंत येतं, आणि थांबत नाही. पंचवीस. सव्वीस. सत्तावीस...

टेप अकरा मिनिटांची आहे. अकरा मिनिटांत दोनशे वीस आवर्तनं बसतात. त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

शेवटचा आकडा तीनशे सहा होता.

त्याने तो स्टुडिओ सोडला. आता तो लग्नाचे व्हिडिओ करतो. ती टेप कुठे आहे हे मी त्याला विचारलेलं नाही. पण हल्ली रात्री घर शांत झालं की मी मुद्दाम पंखा मोठा ठेवतो. बायको विचारते, उकडतंय का. मी हो म्हणतो. बंद पंख्याच्या शांततेत ती कानातली शिट्टी असते ना... ती हल्ली चार ठोक्यांत येते.

चित्रपट लागला. काकूला मी पहिल्या रांगेत बसवलं, तिला दिसावं म्हणून. तो सूर आला. लोक रडले. शेवटी नावं सुरू झाली आणि थिएटर रिकामं होऊ लागलं. काकू चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून थेट पडद्याखाली जाऊन उभी राहिली. झाडूवाला थांबला तिच्यासाठी.

‘एकल व्हायोलिन’ असं वर आलं. काकूने काकांचं नाव मोठ्याने वाचलं.

त्याच्या वर आणखी दोन नावं होती. वाद नकोत म्हणून कंपनीने तिन्ही दावेदारांची टाकली होती.

पहिलं नाव जावयाच्या सासऱ्यांचं होतं. ते ट्रम्पेट वाजवायचे.